एक्केचाळिसाव्या लिंगापाशी थांबलेली गोळी

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जप्त वस्तू भांडार,
जत्रा व्यवस्था कार्यालय (हंगामी),
सोलापूर.

अर्जदार : सौ. पार्वतम्मा ईरप्पा कलशेट्टी, वय ५६, धंदा घरकाम व यांत्रिक खेळणी तयार करणे, रा. सोलापूर.

विषय : ४१व्या लिंगापाशी थांबलेली गोळी ६८व्या लिंगापर्यंत जाऊ देणेबाबत.

संदर्भ : १) पंचनामा दि. १९ जानेवारी २०२६.
२) तोंडी सुनावणी दि. ३० जानेवारी २०२६.
३) आपल्या खिडकीशी अर्जदाराच्या एकूण नऊ खेपा.

महोदय,

१) “पारव्वा, गोळी अडली तर बोटानं ढकलायची न्हाय. सोडवणारं कुणी असलं तर गप थांबायचं. कुणीच न्हाय म्हटल्यावर तिची राहिलेली वाट आपण चालायची.” असे अर्जदाराच्या सासूबाई लिंगैक्य मायाक्का यांनी शेवटच्या आजारात अर्जदारास सांगितले होते. त्या वेळी खोलीत पाच माणसे होती, पण त्यांनी सांगितले अर्जदारासच. कारण बाकीची चार बोलत होती. सदर सूचनेतील तिन्ही भागांचा या प्रकरणाशी संबंध येतो, म्हणून ती जशीच्या तशी वर दिली आहे.

२) अर्जदार ही रोज पहाटे इष्टलिंगपूजा करते. सोमवारी मीठ खात नाही. दिवा लागल्यावर कोणास वाईट बोलत नाही, आणि दिवा लागण्यापूर्वीही तशी सवय नाही. याखेरीज गेली चौदा वर्षे रोज एक फेरी करते. सदर फेरी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून दोन परिच्छेद सहन करावेत ही विनंती.

३) सासूबाई तरुणपणापासून गावातल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा पायी करीत. पुढे त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. प्रदक्षिणा चुकली म्हणून त्या जेवेनात. तेव्हा सासरे लिंगैक्य चन्नप्पा, जे गिरणीत मागांची दुरुस्ती पाहणारे जॉबर होते व गिरणी बंद पडल्यापासून घरातली घड्याळे विनाकारण उघडत होते, त्यांनी सव्वा महिना खपून एक यंत्र तयार केले. सागवानी पट, तीन फूट बाय दोन फूट. पटावर सगळे गाव. अडुसष्ट ठिकाणी पितळी वाट्या, एकेका लिंगाची एकेक. बेअरिंगची एकच लोखंडी गोळी. वर उघडता येणारी काच, आणि काचेबाहेर एक दांडी. ती बेताने दाबली की गोळी एका वाटीतून उडून पुढच्या वाटीत बसते. जोर कमी पडला तर गोळी खड्ड्यात जाते आणि फेरी पहिल्यापासून करावी लागते. मधे तलाव आहे. तिथे जुन्या मागाचा धोटा बसवला आहे; गोळी त्यात बसून नावेसारखी पलीकडे जाते. पाहिलेले लोक म्हणतात की असे परदेशातही नसेल. अर्जदार परदेशात गेलेली नाही, म्हणून त्यावर काही म्हणत नाही.

४) सासूबाई चालत प्रदक्षिणा करताना मौन पाळीत. पटावर करतानाही त्यांनी ते सोडले नाही. पहिल्या लिंगापासून अडुसष्टाव्या लिंगापर्यंत एक शब्द नाही. एरवी त्यांचा आवाज तिसऱ्या गल्लीत जाई, त्यामुळे फेरीची ती वीस मिनिटे घरातल्यांना फार प्रिय होती; सासरे त्या वेळात वर्तमानपत्र वाचून घेत. सासूबाईंच्या मागे हा नेम अर्जदाराकडे आला. अर्जदाराचे घरकाम, नेम आणि खेळणी तयार करणे असे एकाच ओसरीवर चालते. सासऱ्यांच्या हाताखाली शिकून अर्जदाराने स्वतः शोधलेली खेळणी पुढीलप्रमाणे : दाणे टिपणारी पत्र्याची कोंबडी, चादर विणणारा विणकर (चादर विणली जात नाही, हात मात्र हलतात), आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा नंदी, ज्याच्या कानात हळू बोलले की आतली पाकळी हलते, वजन सरकते आणि तो एकदा मान डोलावतो. ज्यांचे घरात कोणी ऐकत नाही अशांसाठी तो केलेला आहे. खप चांगला आहे.

५) दि. १९ जानेवारी, सोमवार. गड्ड्याच्या जत्रेत अर्जदाराचा खेळण्यांचा स्टॉल होता. पट विक्रीला नव्हता. नेम चुकू नये म्हणून सोबत नेला होता. अर्जदाराची फेरी झाली की लेकरांना खेळू देत असे, आणि जे लेकरू अडुसष्टावर पोचेल त्याला प्रसादाचे एक केळे देत असे. “फेरी पुरी करणाऱ्यास एक केळे” अशी पाटी अर्जदारानेच लावली होती. ही अर्जदाराची पहिली चूक.

६) सकाळी नऊच्या सुमारास तपासणी पथक आले. अर्जदाराची फेरी चालू होती. गोळी ४१व्या लिंगाच्या वाटीत नुकतीच बसली होती. पथकप्रमुखांनी पाटी वाचली आणि म्हणाले, “बक्षीस हाय म्हणजे जुगार हाय, मावशी.” अर्जदार मौनात असल्याने तिने हात जोडले. ते म्हणाले, “हात जोडून काय हुतंय? मालक कोण?” अर्जदाराने वर बोट दाखवले. तेव्हा पथकातला एक जण स्टॉलच्या माळ्यावर चढून मालकाला शोधून आला.

७) मग पथकप्रमुखांनी पटावरून हात फिरवून विचारले, “किती हायत ह्या?” अर्जदारास वाटले, लिंगे विचारीत आहेत, पटाकडे पाहून माणूस दुसरे काय विचारणार? तिने आधी सहा बोटे दाखवली, मग आठ. त्यांनी लिहून घेतले : “गोळ्या, नग ६८.” सोबतचा एक जण म्हणाला, “साहेब, दिसतीया तर एकच.” त्यावर ते म्हणाले, “बाकीच्या पोटात असतील. यंत्राच्या पोटात काय असतंय ते तुला म्हाइत हाय का?” पंचनामा अर्जदारापुढे धरला. चष्मा पिशवीत होता. कागदावर ६८ हा आकडा तेवढा ठळक दिसला, तो पाहून अर्जदारास बरे वाटले आणि तिने सही केली. ही अर्जदाराची दुसरी चूक, व मोठी. मग पट, एक नंदी व केळी जप्त करून नेण्यात आली.

८) पंचनाम्यातील इतर नोंदींबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तरी दोन खुलासे करते. “खड्डे, नग ११, शहराची बदनामी करणारे” असे जे नमूद आहे, ते खड्डे खेळातील आहेत. सासऱ्यांनी ते बत्तीस वर्षांपूर्वी केले आणि तेव्हापासून ते अकराच आहेत, त्यामुळे शहराशी त्यांचा संबंध जोडता येणार नाही. तसेच “केळी, एक फणी” ही वस्तू पुरावा म्हणून भांडारात ठेवण्यात आली होती, ती आता ठेवू नये.

९) आता मुख्य अडचण. फेरी ४१व्या लिंगापाशी थांबली. म्हणजे ती पुरी झाली नाही. म्हणजे मौनही सुटले नाही. दि. १९ जानेवारीपासून आज अठरा दिवस अर्जदार बोललेली नाही. हा अर्ज लेखी असण्याचे कारण तेच आहे. साहेबांशी दोन शब्द बोलण्याचा कमीपणा वाटतो असे कृपया समजू नये.

१०) घरी ही गोष्ट तिसऱ्या दिवशी लक्षात आली. अर्जदाराचे यजमान ईरप्पा यांनी जेवता जेवता विचारले, “आमटीत मीठ कमी हाय का मलाच तसं लागतंय?” उत्तर आले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “परवापासून तू काय बोललीस का गं?” मग त्यांनी घास ठेवला. ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी पुष्कळ समजावले : “एवढ्यानं देव काय रागावतोय व्हय? देवाला कळतंय की सगळं.” देवाला कळते हे खरे आहे. अडचण तीच आहे.

११) अर्जदार दि. २० जानेवारीस आपल्या कार्यालयात आली. खिडकीवर लिपिक श्री. कुंडलिक होते. ते मोहोळहून रोज येऊन-जाऊन करतात आणि सगळ्यांशी नीट बोलतात. अर्जदाराने सोबत नेलेल्या दगडी पाटीवर लिहून दाखवले की यंत्र नको, पाच मिनिटे आत सोडा. दांडी काचेच्या बाहेर आहे, सील फोडावे लागत नाही. सत्तावीस वेळा दाबली की काम झाले. श्री. कुंडलिक म्हणाले, “मावशी, तुमचं म्हणणं पटतंय मला. पण पंचनाम्यात गोळ्या अडुसष्ट आणि भांडारात एक. मोजदाद जुळल्याबिगर कुलूप काढता येत न्हाय. तुमी सदुसष्ट गोळ्या आणून द्या, लगेच काढतो.” अर्जदाराने लिहिले : गोळी एकच होती. ते म्हणाले, “मग सही कुणाची?”

१२) सदर सही अर्जदाराचीच आहे, हे अर्जदार मान्य करते.

१३) हे कळल्यावर यजमानांनी अर्जदारास न विचारता बाजारातून सदुसष्ट गोळ्या आणल्या आणि दि. २३ रोजी कार्यालयात नेऊन दिल्या. पण त्या पंचनाम्यातील गोळ्या आहेत असे लिहून देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांना अर्जदाराचा चेहरा आठवला आणि लिहून देववेना. ते गोळ्या तिथेच ठेवून घरी आले. आपल्या कार्यालयाने त्या बेवारस म्हणून नव्या क्रमांकाने जमा केल्या. आता भांडारात एकूण गोळ्या अडुसष्ट आहेत, पण दोन फायलींत. दोन्ही फायली एकाच कपाटात आहेत. श्री. कुंडलिक यांनी स्वतः कपाट उघडून दाखवले आणि म्हणाले, “बघा की, किती जवळ हायत.”

१४) दरम्यान जप्त मालातील नंदी (पंचनाम्यात “नंदी, पत्र्याचा, नग १, मान होकारार्थी”) आपल्या कार्यालयातील टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवण्यात आला आहे. पंखा त्याच्या कानाच्या बाजूला असल्याने तो दिवसभर मान डोलावतो. रांगेतील लोकांनी हे पाहिले. कोणी आपला अर्ज आधी नंदीपुढे धरू लागले, कोणी कानात सांगू लागले, एका आजींनी तर हार घातला. “जप्त वस्तूच्या कानात बोलू नये” असा फलक आपण लावल्याचे अर्जदाराने पाहिले. फलक लावल्यावर रांग वाढली आहे. यात अर्जदाराचा हात नाही, नंदी एवढाच तिचा. अर्जदारानेही एकदा, बोलता येत नाही म्हणून, त्याच्या कानात नुसती फुंकर घातली. त्याने मान डोलावली. श्री. कुंडलिक म्हणाले, “त्याचं काय धरताय मावशी, त्यो कुणालाबी व्हय म्हणतो. सही साहेबाची लागती.”

१५) दि. ३० जानेवारीस तोंडी सुनावणी झाली. अर्जदार वेळेच्या आधी अर्धा तास हजर होती. नाव पुकारले, ती उभी राहिली. “काय म्हणणं आहे?” असे विचारले, तिने पाटी दाखवली. सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले की पाटी हा लेखी पुरावा झाला, आज सुनावणी तोंडी आहे. तिने हाताने खुणा केल्या, तर खुणांना दुभाषी लागेल असे सांगितले. यजमान पुढे झाले, तर ते पक्षकार नाहीत. शेवटी नोंद अशी झाली : “अर्जदारास काही म्हणावयाचे नाही.” साहेब, अर्जदाराचे सारे आयुष्य हळू बोलण्यात गेले. माहेरी, सासरी, बाजारात तिचे म्हणणे पुष्कळदा राहून गेले; त्याबद्दल तिची तक्रार नव्हती आणि नाही. पण असे सही-शिक्क्यानिशी कोणी लिहून दिले नव्हते. अर्जदारास म्हणावयाचे आहे. ते पुढच्या परिच्छेदात आहे.

१६) अर्जदारास एकच भाऊ, शरणबसव. मंगळवेढ्यास त्याचे ज्वारीचे दुकान आहे. लग्नाला अकरा वर्षे झाली, लेकरू नव्हते. दोनदा आशा लागून मोडली. दुसऱ्या वेळी अर्जदार दवाखान्यात गेली होती. भावजय श्रीदेवी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती आणि बाहेर बायका, आता काय करायचे, असे तिला ऐकू जाईल इतपत बोलत होत्या. अर्जदार तिच्याजवळ बसली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “तुझ्या लेकराचं नाव मीच सांगणार, बघ. दुसऱ्या कुणाला सांगू द्यायचं न्हाय.” श्रीदेवीने मान हलवली. तेवढेच. पण ती ते विसरली नाही, आणि अर्जदारही नाही.

१७) दि. २७ जानेवारीस श्रीदेवीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. परवा, रविवार दि. ८ फेब्रुवारीस, बारसे आहे. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचे असते, आणि त्या बाळाला आत्या एकच आहे. शरणबसवचा रोज फोन येतो. अर्जदार फोनवर टिचकी मारते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तो विचारतो, “अक्का, येणार न्हवं?” एक टिचकी. “बोलणार न्हवं?” इथे अर्जदाराचे बोट अडते. दोन दिवसांपूर्वी तो म्हणाला, “चुलत आत्यांना सांगतो म्हटलं तर श्रीदेवी ऐकंना. म्हणती, अक्का मुकी राहिली तर पोरगी बिननावाची राहू दे, मला चालंल.”

१८) तातडी सिद्ध करण्यासाठी बाळाचे नियोजित नाव अर्जात नमूद करावे, असे आपल्या कार्यालयाने मंगळवारी सुचवले. क्षमा असावी. नाव अर्जदाराने ठरवले आहे, पण ते यजमानांनासुद्धा माहीत नाही. ते आधी बाळाच्या कानात जायचे असते आणि मग कागदावर. एवढी एक गोष्ट तरी त्या क्रमाने व्हावी असे अर्जदारास वाटते.

१९) अर्जदाराचे विरोधक, म्हणजे घरचे व हितचिंतक, असे म्हणतात की नाव हा एकच शब्द आहे, तेवढा बोलून टाकावा. पण अकरा वर्षे वाट पाहून आलेल्या लेकराच्या कानात पहिला शब्द मोडलेल्या नेमाचा जाऊ नये. याहून मोठे कारण अर्जदारापाशी नाही.

२०) आज सकाळी अर्जदाराने व्हरांड्यातील जाळीतून भांडारात पाहिले. गोळी ४१व्या वाटीत आहे. थोडी गंजली आहे, पण हललेली नाही. अठरा दिवसांत आपल्या कार्यालयातील एकाही माणसाने तिला बोट लावलेले नाही, याबद्दल अर्जदार आपली मनापासून ऋणी आहे. सासूबाईंच्या सूचनेचा पहिला भाग आपण पाळलात.

२१) दुसरा भाग अर्जदाराने पाळला. सोडवणारे आपण आहात असे धरून ती अठरा दिवस गप थांबली. आज शुक्रवार. श्री. कुंडलिक यांच्याकडून कळले की साहेब दौऱ्यावर असून सोमवारी येतील, आणि शनिवार-रविवार कार्यालय बंद राहील. ते म्हणाले, “मावशी, सोमवारी सकाळी पहिला कागद तुमचाच ठेवतो, शप्पथ.” ते ठेवतील, याची खात्री आहे. पण बारसे रविवारी आहे.

२२) सबब आता तिसरा भाग. अर्जदाराच्या डाव्या गुडघ्यास डॉक्टरांनी लांब चालणे मना केले आहे. पाच मिनिटांच्या कामासाठी गुडघा कशाला झिजवायचा, असे वाटून ती इतके दिवस आपल्या खिडकीशी येत राहिली. ती खेप नऊ वेळा झाली. तेवढ्यात वाट निम्मी तरी झाली असती, असे यजमान म्हणतात. बेचाळिसावे लिंग आपल्या कार्यालयापासून जवळच आहे. तिथून अडुसष्टाव्यापर्यंत सत्तावीस. उन्हात थांबत गेले तरी आज उद्यात होतील. यजमान सायकल हातात धरून मागून येणार आहेत. सायकलवर स्वतः बसणार नाही, असे त्यांनी कबूल केले आहे.

२३) तरी मायबाप साहेबांना विनंती की,
(अ) यंत्राची आता घाई नाही. नियमाप्रमाणे जेव्हा होईल तेव्हा व्हावे;
(आ) गोळी आहे त्या वाटीत राहू द्यावी. तिची वाट अर्जदार चालत आहे, ती मधेच कोणी ढकलू नये;
(इ) यजमानांच्या सदुसष्ट गोळ्या कोणा लेकरांना खेळायला द्याव्यात;
(ई) दि. ३० च्या नोंदीत “अर्जदारास काही म्हणावयाचे नाही” याऐवजी “अर्जदारास रविवारी म्हणावयाचे आहे” अशी दुरुस्ती व्हावी;
(उ) नंदीच्या कानावरचा पंखा थोडा वळवावा. सारखी मान हलवून त्याची तार ढिली पडते, आणि मग तो नाही म्हणायला लागतो.

कळावे, लोभ असावा असे कार्यालयास लिहीत नाहीत म्हणतात, पण असावा.

आपली नम्र आणि रविवारपर्यंत गप्प,

(सही)
सौ. पार्वतम्मा ईरप्पा कलशेट्टी
सोलापूर, दि. ६ फेब्रुवारी २०२६, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

सोबत :
१) पंचनाम्याची प्रत (६८ या आकड्याभोवती गोल केला आहे).
२) सदुसष्ट बेवारस गोळ्यांची पोच.
३) सुनावणीच्या दिवशीच्या पाटीचे छायाचित्र. अक्षर थोडे पुसले आहे. त्या वेळी अर्जदाराच्या हाताला घाम आला होता.
४) गुडघ्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी (केवळ माहितीसाठी, पाळली जात नाही).
५) केळे, एक, ताजे. हे बक्षीस नसून श्री. कुंडलिक यांच्यासाठी प्रसाद आहे. त्यांनी फेरी केलेली नाही, तरी चालेल.

ता.क. प्रदक्षिणा अनवाणी करायची असते, म्हणून अर्जदाराने आपल्या चपला आवक खिडकीखाली, भिंतीला लावून ठेवल्या आहेत. नग दोन, दोनच. त्या बेवारस नाहीत. सोमवारी अर्जदार येईल आणि तोंडी मागून घेईल.